इस्किया: गरम पाण्याच्या बेटावर सात रात्री, नागपूरकरांसाठी

युरोपची सहल म्हटली की नागपुरात अजूनही दहा दिवसांत पाच देश असाच हिशोब मांडला जातो. पहाटे बॅग भरा, बसमध्ये बसा, घड्याळ बघत फोटो काढा. ज्यांना खरोखर विश्रांती हवी आहे, ज्यांचे गुडघे कुरकुरतात, वर्षभर खुर्चीत बसून ज्यांची कंबर आखडली आहे, त्यांनी हा हिशोब बाजूला ठेवावा. भूमध्य समुद्रातलं एकच बेट निवडावं आणि सहा-सात रात्री तिथेच राहावं. आमच्या मते त्यासाठी इटलीतल्या इस्कियासारखी दुसरी जागा नाही.

ग्रीसचं सँटोरिनी किंवा इटलीतलंच कापरी का नको, हा पहिला प्रश्न असतो. सँटोरिनी बघण्याचं बेट आहे, मुक्कामाने अंग मोकळं करण्याचं नाही. कापरी इस्कियाच्या शेजारीच आहे, पण तिथे गरम पाण्याचे झरे नाहीत आणि दिवसभर बोटींनी येणाऱ्या पाहुण्यांची रेटारेटी असते. इस्कियात समुद्र, वाळू आणि जमिनीतून येणारं गरम पाणी या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

बेट जेमतेम 46 चौरस किलोमीटरचं. दक्षिण इटलीतल्या नेपल्स शहराच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं हे बेट म्हणजे ज्वालामुखीच, तो शेवटचा 1302 साली फुटला. खालचे खडक मात्र अजून तापलेले आहेत. पावसाचं आणि समुद्राचं पाणी भेगांमधून खाली झिरपतं, तापतं, वाटेत क्षार उचलतं आणि पुन्हा वर येतं. आपल्याकडे किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला गरम कुंडं आहेत, पण त्यांच्या खाली तापलेला ज्वालामुखी नाही. तिथलं पाणी खोल भेगांमध्ये शिरून पृथ्वीच्या नेहमीच्याच उष्णतेने तापतं. इस्कियात ही उष्णता इतकी वर आहे की काही ठिकाणी किनाऱ्यावरच्या वाळूतून वाफ निघते. गरम पाण्याने अंग शेकायची पद्धत इथे ग्रीक आणि रोमन काळापासून आहे. जुलिओ याझोलिनो नावाच्या वैद्याने 1588 साली बेटावरच्या झऱ्यांवर आणि कोणतं पाणी कशावर वापरावं यावर सविस्तर ग्रंथच लिहिला. तेव्हापासून इथे एक समज पक्की आहे: हे पाणी औषधासारखं मात्रेत घ्यायचं असतं. सुट्टी सुखाची होणं या एका गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

चाळीस अंशांचा हिशोब

नागपूरच्या माणसाला वाटतं, आपण मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत स्कूटर चालवतो, चाळीस अंशांच्या पाण्याचं काय मोठं! इथेच चूक होते. आपला उन्हाळा कोरडा असतो. घाम निघतो, लगेच उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कूलर चालतो तोही याच तत्त्वावर. गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसलं की घामाला उडायला जागाच उरत नाही. शिवाय पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे चाळीस अंशांच्या कुंडात दहा-पंधरा मिनिटांतच शरीराचं आतलं तापमान वाढायला लागतं. उन्हाळ्याची सवय इथे फारशी कामाला येत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या दाबाची. गळ्यापर्यंत पाण्यात बसलं की पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं. मूत्रपिंडांना वाटतं अंगात पाणी जास्त झालं, म्हणून लघवीला लागते. उष्णतेने रक्तवाहिन्याही सैल झालेल्या असतात. अशा वेळी माणूस झटक्यात उठून बाहेर आला की रक्त पायांकडे उतरतं, रक्तदाब पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. कुंडांच्या काठावर लोक पडतात ते बहुतेक यामुळेच, आणि दोष मात्र ओल्या फरशीला जातो.

म्हणून पद्धत अशी ठेवा. सुरुवात 30-32 अंशांच्या कुंडापासून करा आणि मग 34-36 कडे जा. 38-40 चं कुंड शेवटी, तेही दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही. प्रत्येक कुंडातून निघताना आधी पायरीवर कमरेपर्यंत पाण्यात मिनिटभर बसा, मग कठडा धरून उठा. बाहेर आल्यावर अंगावर टॉवेल किंवा रोब घ्या आणि निदान वीस मिनिटं आडवे पडा. हा आराम वाया गेलेला वेळ नाही. तापलेलं शरीर या वीस मिनिटांतच सावरतं. अशा दोन-तीन फेऱ्या सकाळी, दोन संध्याकाळी आणि मधे समुद्र. दर फेरीनंतर ग्लासभर पाणी प्या. ओआरएसची चार पाकिटं घरूनच न्या. दुपारच्या जेवणानंतर दीड-दोन तास गरम पाण्यात जायचं नाही, आणि वाईन घेणाऱ्यांनी ती रात्रीसाठी ठेवावी.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा नायट्रेट घेणाऱ्यांनी, निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना नेमकं विचारावं: किती अंशांचं पाणी आणि किती मिनिटं. मधुमेहींसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या. इन्सुलिन घेतल्यावर लगेच गरम पाण्यात गेलं तर ते रक्तात लवकर उतरतं आणि साखर अचानक खाली येऊ शकते. आणि पायांची संवेदना कमी झाली असेल तर चटका बसलेला कळतच नाही. अशांनी पुढे सांगितलेल्या सोरजेतो आणि फुमारोले या दोन जागी पाण्यात किंवा वाळूत पाय घालूच नये. गरोदर स्त्रिया, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, शिरेत रक्ताची गुठळी झालेले, अंगात ताप किंवा उघडी जखम असलेले यांनी गरम कुंडं टाळावीत. थायरॉइड वाढलेल्यांनीही आधी विचारून घ्यावं, कारण इथल्या बऱ्याच पाण्यांत आयोडीन असतं.

कधी जायचं

गरम पाण्याची बहुतेक उद्यानं, म्हणजे तिकीट काढून दिवसभर वापरायची कुंडांची आवारं, एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंतच उघडी असतात. दिवाळी नोव्हेंबरात येते त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर दारं बंद दिसतील. त्यापेक्षा दसऱ्याच्या आसपासचे दिवस चांगले. सप्टेंबरात समुद्र चोवीस-पंचवीस अंशांवर असतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही बावीसच्या आसपास राहतो, आणि गर्दी उतरलेली असते.

मुलं शाळेत असतील तर विदर्भाला एक फायदा आहे. आपल्याकडच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्यामुळे 5 ते 20 जूनचा पंधरवडा मोकळा मिळतो आणि तो इस्कियासाठी उत्तम आहे. मे महिन्यात मात्र समुद्र एकोणीस-वीस अंशांचाच असतो. आपल्या माणसाला तो थंडगार लागतो, पाय घातला की मागे फिरावंसं वाटतं. ऑगस्ट टाळाच. 15 ऑगस्टला जोडून सुट्टी काढायचा मोह होतो, पण त्याच दिवशी इटलीत फेर्रागोस्तोचा सण असतो. सगळा देश किनाऱ्यावर उतरलेला असतो आणि खोल्यांचे भाव सर्वात चढे असतात.

व्हिसा आणि प्रवास

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. महाराष्ट्रातले अर्ज इटलीच्या मुंबईतल्या महावाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. 11 जून 2024 पासून प्रौढांची फी 90 युरो आहे, 6 ते 12 वर्षांच्या मुलांची 45, सहाच्या आतल्यांना फी नाही. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो दाखल व्हायला हवा. मात्र हे शेवटचे पंधरा दिवस कागदावरच. जूनमध्ये जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज देण्याची वेळ घ्या, एप्रिलनंतर वेळ मिळवताना नाकी नऊ येतात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. गरम पाण्याच्या सुट्टीला जाणारे बरेचजण साठीच्या पुढचे असतात. त्यांनी विम्यात आधीच्या आजारांबद्दल काय लिहिलं आहे ते ओळीओळीने वाचावं, कारण रक्तदाब लपवून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

विमानाचे दोन मार्ग. नागपूरहून दोहाची थेट सेवा चालू असेल त्या काळात दोहामार्गे रोम सर्वात सुटसुटीत. नाहीतर मुंबई किंवा दिल्लीहून रोम. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी स्थानकापर्यंत थेट रेल्वे 32 मिनिटांत जाते. तिथून वेगवान गाडीने नेपल्स सव्वा तासाच्या आत. नेपल्सच्या मुख्य स्थानकाखालीच गारिबाल्दी हे मेट्रो स्थानक आहे. पहिल्या क्रमांकाची मेट्रो घेऊन मुनिचिपिओला उतरलं की बंदर समोर.

आता बंदराचा घोळ. इस्कियाच्या बोटी दोन वेगवेगळ्या धक्क्यांवरून सुटतात. वेगवान जलयान, ज्याला तिथे अलिस्काफो म्हणतात, मोलो बेव्हेरेल्लोवरून सुटतं आणि तासाभरात पोचवतं. मोठी फेरीबोट, त्रागेत्तो, पोर्ता दी मास्सावरून सुटते आणि तिला दीड तास लागतो. दोन्ही धक्क्यांत चालत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे. भलत्याच धक्क्यावर बॅगा घेऊन उभं राहण्याचा प्रकार रोज घडतो, तेव्हा तिकिटावर धक्क्याचं नाव वाचूनच टॅक्सीवाल्याला सांगा. जलयानात मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे लागतात आणि बाहेर उभं राहायला जागा नसते. ज्यांना बोट लागते त्यांनी फेरीबोटच घ्यावी. ती स्थिर असते, स्वस्त पडते, वरच्या मजल्यावर वारा खात बसता येतं. वारा चढला की आधी जलयानं रद्द होतात, फेरीबोटी त्यानंतरही बराच वेळ चालतात.

बोट इस्किया पोर्तोला लागते तेव्हा बंदर जवळजवळ पूर्ण गोल दिसेल. ते पूर्वी ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं तळं होतं. 1854 मध्ये त्याची कड फोडून ते समुद्राला जोडलं गेलं.

मुक्काम कुठे

बेटावर सहा नगरपालिका आहेत, पण मुक्कामासाठी चारच जागांचा विचार करा. बाजार आणि रात्रीची वर्दळ हवी असेल तर इस्किया पोर्तो. सूर्यास्त आणि लांब वाळूचा चितारा किनारा हवा असेल तर फोरिओ. शांतता हवी असेल तर लाक्को अमेनो. सांतांजेलो सर्वात देखणं आहे, पण गावात मोटारी येत नाहीत, बॅगा छोट्या विजेच्या गाडीतून नेतात आणि गल्ल्या चढणीच्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी तिथे फिरायला जावं, राहायला नको. बेट पहिल्यांदा बघणाऱ्यांना आम्ही फोरिओच सांगू.

हॉटेल निवडताना तारे मोजू नका, कुंडं मोजा. इस्कियात साध्या तीन तारांकित हॉटेलातही स्वतःची गरम पाण्याची कुंडं असतात. बुक करण्याआधी ईमेल करून चार गोष्टी विचारा: आतलं कुंड आहे का आणि ते किती अंशांचं, बाहेरचं किती अंशांचं, पाणी झऱ्याचं आहे की नळाचं तापवलेलं, रोब आणि टॉवेल भाड्यात आहेत का. आत 36-37 आणि बाहेर 30-32 असेल तर रोज उद्यानात जायची गरज उरत नाही. नाश्ता आणि रात्रीचं जेवण यांसह मिळणारा अर्धा भोजन करार, मेद्झा पेन्सिओने, घेतलात तर दुपार मोकळी राहते. शहर कर हॉटेलात वेगळा द्यावा लागतो, तो बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो.

बेटाला फेरी घालणाऱ्या बसगाड्या दोन दिशांनी धावतात, पाटीवर सीएस आणि सीडी. एक डावीकडून, एक उजवीकडून. तिकीट चढण्याआधी तंबाखूच्या दुकानातून किंवा स्टॉलवरून घ्या आणि बसमध्ये चढताच यंत्रात घालून ठोका, म्हणजे त्यावर शिक्का उमटतो. खिशात तिकीट असूनही ते न ठोकल्यामुळे दंड भरणारे पाहुणे कमी नाहीत.

उद्यानं आणि उघडे झरे

सर्वात मोठं उद्यान फोरिओजवळ, चितारा किनाऱ्यावरचं पोसायडन. तिथे वीसेक कुंडं, 28 ते 40 अंशांपर्यंत, डोंगर कोरून केलेली नैसर्गिक वाफेची गुहा आणि समोर उद्यानाचा स्वतःचा किनारा. लाक्को अमेनोच्या सान मोंतानो खाडीतलं नेगोंबो लहान आहे, झाडी दाट आहे आणि खाडी वाऱ्यापासून आडोशाला असल्यामुळे समुद्र शांत असतो. पोहायला न येणाऱ्यांना ही खाडी सोयीची, कारण वाळू हळूहळू खोल होत जाते. दिवसभराचं तिकीट साधारण 40 ते 50 युरो धरा. दुपारनंतरचं स्वस्त मिळतं, पण पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पूर्ण दिवसाचं घ्यावं आणि दार उघडताच पोचावं. सकाळी साडेअकरापर्यंत कुंडं मोकळी असतात आणि सावलीतल्या खाटा शिल्लक असतात.

कपड्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. सुती कपडे, टी-शर्ट, ओढणी पाण्यात चालत नाही. पोहण्याच्या कापडाचाच पोशाख हवा. स्त्रियांसाठी गुडघ्यापर्यंतचे, बाह्यांचे पोशाख नागपुरात खेळाच्या दुकानांत मिळतात, ते इथूनच घ्या. रंग गडद घ्या, कारण पाण्यातल्या लोहाने पांढरं कापड पिवळटतं. रबराची किंवा कापडी पोहण्याची टोपी आणि न घसरणाऱ्या चपला सोबत असू द्या. टोपी बऱ्याच कुंडांत सक्तीची असते आणि तिथे विकत घेतली तर महाग पडते.

आणि जोडवी. चांदीची जोडवी, पैंजण, करगोटा हे सगळं खोलीतल्या तिजोरीत ठेवून निघा. गंधकाच्या पाण्यात चांदी एका सकाळीत काळपट होते. शिवाय उष्णतेने बोटं किंचित सुजतात, मग घट्ट जोडवं निघत नाही आणि रुततं. थंड पाण्यात पाय धरून, साबण लावून ते काढावं लागतं. मंगळसूत्राचं सोनं सहसा टिकतं, पण काळे मणी ओवलेला दोरा क्षारांनी कडक होतो.

उद्यानांखेरीज चार जागा आहेत, त्यांतल्या दोन फुकट. सोरजेतो ही पान्झा गावाखालची खाडी. दोनशेहून जास्त पायऱ्या उतरून जावं लागतं. इथे समुद्राच्या तळातूनच उकळत्यासारखं पाणी वर येतं आणि लाटांत मिसळतं. लोकांनी दगड रचून गोल आळी केली आहेत. एका आळ्यात बसलं की पाठीला गार लाट लागते आणि पोटऱ्यांखालच्या गोट्यांतून गरम पाणी चढतं. फार गरम वाटलं तर समुद्राकडचा एक दगड बाजूला सरकवायचा, गार पाणी आत येतं. गार झालं की तो परत लावायचा. समुद्र अगदी निवांत असला की आळी चटके देतात, खवळलेला असला की सगळी ऊब वाहून जाते. हलक्या लाटांचा दिवस सर्वात चांगला. हात घालून बघितल्याशिवाय कुठेही बसू नका, कारण दोन हातांच्या अंतरावर तापमान बदलतं. कडा ढासळण्याच्या भीतीने पायवाट कधीकधी बंद ठेवतात, हॉटेलात विचारून निघा. पायऱ्या जमत नसतील तर सांतांजेलोहून छोटी बोट सोडते.

मारोंती किनाऱ्याच्या सांतांजेलोकडच्या टोकाला फुमारोले. वाळूतून वाफ येते आणि लोक फॉइलमध्ये गुंडाळलेली अंडी, बटाटे पुरून शिजवतात. वरची वाळू सुसह्य असते, वीतभर खाली ती अंगावर फोड आणेल इतकी तापलेली असते. लहान मुलांच्या हातात इथे फावडं देऊ नये.

नित्रोदी हा बारानो गावाकडचा झरा, रोमन काळापासून पूजला गेलेला. इथे सापडलेल्या संगमरवरी नवसाच्या पाट्या आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. कुंड नाही, फक्त धारा. पाणी कोमट आहे, त्यामुळे उष्णता न सोसणाऱ्यांनाही चालतं. अंगावर घ्यायचं, टॉवेलने न पुसता उन्हात वाळू द्यायचं, पुन्हा घ्यायचं. घरातल्या ज्येष्ठांना हीच जागा सर्वात आवडेल असं आमचं ठाम मत आहे. कावास्कुरा मारोंतीच्या मागच्या घळीत आहे. मऊ खडकात कोरलेल्या जुन्या न्हाण्या आहेत. झऱ्याचं पाणी तिथे फार गरम, ते निववूनच टबात सोडतात.

चिखलाचा लेप

फांगो हा इस्कियाचा खरा उपचार, आणि तो सौंदर्यप्रसाधन समजून घेतला जातो ही वाईट गोष्ट आहे. माती गरम झऱ्याच्या पाण्यात कित्येक महिने मुरवतात. मुरलेला चिखल सुमारे 45 अंशांवर पाठ, गुडघे, खांदे यांवर जाड थरात लावतात. चेहरा आणि हृदयाची बाजू सोडतात. पंधरा-वीस मिनिटांनी धुऊन 37-38 अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बसवतात, मग चादरीत गुंडाळून अर्धा तास घाम येऊ देतात आणि शेवटी मालिश. हे सकाळीच, हलक्या पोटी करतात. आधी केंद्रातला डॉक्टर तपासतो. तपासणी न करता लेप लावायला तयार असलेलं केंद्र सोडून द्या.

इटलीत पूर्ण उपचार म्हणजे बारा लेप. सात रात्रींत ते होत नाहीत, चार-पाच घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी थकवा येतो, दुखणं उलट वाढल्यासारखं वाटतं, झोप येत राहते. हा ठाऊक असलेला टप्पा आहे, घाबरू नका. एक दिवस सगळं बंद ठेवा, फक्त समुद्रावर पडून राहा. लेपाच्या दिवशी 38-40 अंशांचं कुंड आणि वाफेची गुहा दोन्ही वर्ज्य. पैसे भरले आहेत म्हणून एकाच दिवशी सगळं उरकणारे दुसऱ्या दिवशी खोलीत झोपून काढतात.

समुद्र

आपण कोकणातला समुद्र पाहिलेला असतो, हा वेगळा आहे. इथे भरती-ओहोटीचा फरक फारच थोडा, त्यामुळे किनारा दिवसभर जागच्या जागी असतो. पाणी अरबी समुद्राहून थोडं खारट, म्हणून अंग सहज तरंगतं. नवशिक्यांनी पाठीवर तरंगायला शिकावं तर इथेच. खडकांत काळे काटेरी सागरी साळिंदर चिकटलेले असतात, तेव्हा रबरी बूट हवेतच. जेलीफिश दिसल्या की पाण्याबाहेर या. डंख झालाच तर गोड्या पाण्याने धुऊ नका, त्याने उरलेले डंख फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही.

किनाऱ्याचा बराच भाग भाड्याच्या छत्र्या आणि खाटांचा असतो. पण फलकावर स्पियाज्जा लिबेरा लिहिलेला पट्टा फुकट आहे, आणि पाण्यालगतची पाच मीटरची पट्टी कायद्याने सगळ्यांना चालायला मोकळी असते. छत्री तिथे रोवता येत नाही.

जेवण

मार्गेरिता आणि मरिनारा हे दोन पिझ्झा शाकाहारींचा आधार. मरिनारात नाव समुद्राचं असलं तरी मासे नसतात: टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. वांग्याची पार्मिजाना, टोमॅटो-तुळशीचा पास्ता, काप्रेसे सॅलड सगळीकडे मिळतं. नुसतं शाकाहारी आहे म्हटलं तर हॅम किंवा अँचोव्ही मासा येऊ शकतो. तेव्हा स्पष्ट म्हणा, सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, म्हणजे मांस नको, मासे नको. सूप कशाच्या पाण्यात केलं आहे तेही विचारा. परमेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी वरून न घालायला सांगावं. मांसाहारींनी इथला ससा खाऊन बघावा, टोमॅटो घालून मातीच्या भांड्यात शिजवलेला. तो बेटाचा रविवारचा पदार्थ आहे, पण आपल्या सावजीची झणझणीत तर्री त्यात शोधू नका. नाश्ता गोडच असतो.

घरून खाऊ नेताना एक नियम लक्षात ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. खव्याची संत्रा बर्फी, पेढे, तूप हे सगळं त्यात आलं. कोरडा चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेलं पीठ चालतं.

परतताना

शेवटची रात्र इस्कियात काढू नका, नेपल्समध्ये काढा. विमान रोमहून असेल तर हे आणखी गरजेचं. सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरात वारा एका रात्रीत चढतो आणि सकाळची जलयानं रद्द होतात. धक्क्यावरच्या फलकावर सोप्रेसा हा शब्द दिसला तर ती फेरी रद्द झाली समजा. खिडकीवर तिकीट दाखवून पुढची फेरीबोट विचारा, आणि नेपल्सची मिळत नसेल तर नेपल्सजवळच्या पोझ्झुओली बंदराची घ्या. ती वाट जवळची आहे, समुद्रही तिथे कमी उघडा आहे, आणि पोझ्झुओलीहून नेपल्सला रेल्वेने जाता येतं. निघायच्या सकाळी गरम कुंडात उतरू नका. सैल झालेलं अंग, रिकामं पोट आणि हलणारी बोट हे तीन एकत्र आले की उलट्या ठरलेल्या. त्या दिवशी कोमट शॉवर, हलका नाश्ता, आणि बोटीत मागच्या बाजूची खालची जागा.